काळा कातळ आणि आपला वारसा



भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील तोरणा, राजगड, रायरेश्वर हे डोंगर तुम्ही नित्य पाहता. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा उसळला. त्याचे थरांवर थर थिजून हा कातळ झाला. तो कठीण आहे, पण एकसंध आहे. म्हणूनच त्यात कोरलेले छत शतकानुशतके टिकते.

पूर्वीच्या भोर संस्थानच्या हद्दीत, शिरवळनजीकच्या डोंगरात, भिक्षूंनी वर्षावासासाठी वापरलेली साधी लेणी आहेत. अशी लेणी पांडवांनी कोरली, असे सांगण्यात येते. शिलालेख मात्र निराळेच सांगतात. कार्ल्याच्या चैत्याचे द्वार धेनुकाकटच्या एका सुताराने घडविले. जुन्नरला दानाची ठेव बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे सोपविली होती. ज्या बुरुडाला पुढे समाजाने दूर लोटले, त्याच्या सचोटीवर तेव्हा धर्मकार्याचे धन विसंबत असे!

तुम्हांला इतिहास नाही, असे कोणी म्हटल्यास त्यास हा कातळ दाखवा. मुलांना तेथे न्या, लेख वाचावयास शिकवा. आणि त्या भिंतींवर कोणासही रंग फासू देऊ नका.