कोठडीपर्यंतची वाट

ऑस्ट्रेलियातील टान्या डे ही योर्टा योर्टा या आदिवासी समाजातली ५५ वर्षांची बाई. ५ डिसेंबर २०१७ रोजी ती रेल्वेने मेलबर्नला निघाली होती. दारू प्यायलेली होती, बसल्या जागी तिला झोप लागली. ना भांडण, ना मारहाण. तरीही कंडक्टरने पोलिसांना कळवले. कासलमेन स्थानकावर तिला उतरवून, नशा उतरेपर्यंत म्हणून कोठडीत टाकले. तिथे ती पुनःपुन्हा पडली, डोके भिंतीवर आपटले. मेंदूतल्या रक्तस्रावाने २२ डिसेंबरला ती गेली. अटक झाली नसती तर हा मृत्यू टळला असता, असे मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०२० मध्ये नोंदवले.

तिच्या आधीच्या पिढीतले जवळचे नातलग हॅरिसन डे हेही १९८२ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना वारले होते. त्यांचा गुन्हा? दारूच्या नशेबद्दल झालेला दंड भरला नव्हता.

हॅरिसन यांच्यासह १९८० ते १९८९ या काळातील कोठडीत झालेल्या आदिवासींच्या ९९ मृत्यूंची चौकशी एका शाही आयोगाने केली. त्याचा १९९१ चा निष्कर्ष आजही झोप उडवणारा आहे. कोठडीत गेल्यावर आदिवासी माणूस इतरांपेक्षा अधिक प्रमाणात मरतो असे नाही. त्याला कोठडीत मात्र कितीतरी अधिक प्रमाणात डांबले जाते. म्हणजे दोष शोधायचा तो गजांच्या अलीकडे: हिरावलेली जमीन, तुटलेले शिक्षण, बेकारी, रस्त्यावर सतत रोखलेली पोलिसांची नजर. त्या ९९ पैकी ४३ जणांना तर लहानपणीच आईवडिलांपासून तोडले होते.

आयोगाने ३३९ शिफारशी केल्या. सार्वजनिक ठिकाणी नशेत असणे हा गुन्हा मानू नका, ही त्यांतलीच एक. टान्याच्या व्हिक्टोरिया राज्यात ती अमलात आली नोव्हेंबर २०२३ मध्ये, तीही टान्याच्या मुलांनी चिकाटीने लढा दिला म्हणून. बत्तीस वर्षांच्या या दिरंगाईला कोणतीही सबब असू शकत नाही.

१९९१ मध्ये तुरुंगांतल्या कैद्यांत आदिवासी सुमारे १४ टक्के होते. आता ते एक तृतीयांशाहून अधिक आहेत, लोकसंख्येतला वाटा मात्र चार टक्क्यांहून कमी. तरीही नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताने २०२४ मध्ये गुन्ह्यासाठी जबाबदार धरण्याचे किमान वय बारावरून पुन्हा दहा वर्षांवर आणले. तिथल्या बालसुधारगृहांत डांबलेली मुले जवळपास सगळी आदिवासीच असतात.