हरताळ : नांव आणि विष



आमचें शेगांव हें पारायणाचें गांव. पोथी येथें घरोघरीं आहे; मात्र ती आतां छापील असते. हस्तलिखित पोथ्यांच्या काळीं लेखकाजवळ बोरू, शाईची दौत आणि खललेला पिवळा हरताळ असे. अक्षर चुकलें कीं त्यावर हरताळाचा लेप द्यावयाचा आणि तो वाळल्यावर शुद्ध अक्षर लिहावयाचें. ‘हरताळ फासणें’ म्हणजे नाहींसें करणें, हा वाक्प्रचार तेथूनच आला. कागदास कसर लागूं नये म्हणूनहि हरताळाचा उपयोग करीत. ज्या गुणामुळें कसर दूर राही, तो विषाचाच गुण होय.

६ एप्रिल १९१९ रोजीं देशभर पाळला गेला तो हरताळ याचा सोयरा नव्हे. तो शब्द गुजरातींतून आला. हाट म्हणजे दुकान, त्यास लागलेलें टाळें. आपला हरताळ म्हणजे संस्कृत ‘हरिताल’. हळदीच्या ‘हरिद्रा’ या नांवांत जो पिवळेपणा आहे, तोच येथेंहि आहे. लॅटिनमध्यें यास ‘सोन्याचा रंग’ म्हणत. इराणी भाषेंतहि याचें नांव सोन्यावरूनच पडलें. तें ग्रीकांनीं उचललें आणि त्यापासून ‘आर्सेनिक’ हा शब्द निघाला. सर्वांनीं रंग पाहिला. विष कोणींच नांवांत घातलें नाहीं.

वस्तुतः हरताळांत आर्सेनिकाचे दोन परमाणु व गंधकाचे तीन असतात. तो हवेंत भाजला असतां सोमल निपजतो. पांढरा, बेचव आणि प्राणघातक. त्याच सोमलास २००० सालीं अमेरिकेंत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध म्हणून मान्यता मिळाली. परंतु मात्रा डॉक्टरच्या हातीं असेल, तरच तें औषध.

हें सांगण्यास कारण आहे. आमच्या कापसाच्या मुलुखांत कीटकनाशकास सर्रास ‘औषध’ म्हणतात. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच सुमारास माझ्या वर्गांतील एक मुलगा चार दिवस आला नाहीं. विचारलें, तों म्हणाला, “गुरुजी, बाबाले औषध लागलं.” वडील सुदैवानें बचावले. त्या मुलास मीं हरताळाची व्युत्पत्ति शिकविली होती. डब्यावरील खुणेचा अर्थ मात्र शिकविला नव्हता. ती चूक माझी.

तो अर्थ असा : डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल असल्यास अत्यंत विषारी, पिवळा असल्यास तीव्र विषारी, निळा असल्यास मध्यम, हिरवा असल्यास त्याहून सौम्य. पण हिरवाहि निर्विष नव्हे.

आज घरीं असा डबा असेल, तर त्यावरील मजकूर मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्या. डबा मात्र त्यांच्या हातीं देऊं नका. आणि त्यास औषध म्हणूं नका, विष म्हणा. नांव खरें असलें, म्हणजे हात आपोआप जपून चालतो.