स्वागताध्यक्षीय भाषण : इलेक्ट्रोडचे वर्गीकरण आणि पुनःप्रमाणन



मुळा-मुठेच्या या नगरीत, भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या सान्निध्यात भरलेल्या या परिषदेत स्वागतसमितीच्या वतीने आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करून, ज्या प्रश्नासाठी आपण जमलो आहोत त्याकडेच वळण्याची अनुज्ञा मी मागतो.

वेल्डिंगची कार्यपद्धती एका इलेक्ट्रोडवर प्रमाणित झाली आणि पुढे कोठारातून दुसऱ्या वर्गीकरणाचा इलेक्ट्रोड हाती आला, तर पूर्वीचे प्रमाणन ग्राह्य राहते काय? अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संहितेचा नववा विभाग याचे उत्तर मोठ्या विवेकाने देतो. एफ-क्रमांक (इलेक्ट्रोडच्या वापरसुलभतेचा गट) अथवा ए-क्रमांक (जोडधातूच्या रासायनिक घटनेचा गट) बदलला की सहसा नवी कसोटी आलीच. ते कायम राहून केवळ वर्गीकरण बदलले, तर आघात-चाचणी आवश्यक नसलेल्या कामी दप्तरातील दुरुस्ती पुरते. परंतु ती चाचणी आवश्यक असेल तेथे तोच बदल पुनःप्रमाणनाचा विषय होतो, कारण कडाक्याच्या थंडीत जोड टिकेल की काचेसारखा तडकेल, हे ताणशक्तीच्या आकड्यावरून कळत नाही. त्यातही ई ७०१८ वरून ई ७०१८-१ कडे जाण्यास मुभा आहे, कारण दुसऱ्याची २७ ज्यूलची हमी उणे ३० ऐवजी उणे ४५ अंश सेल्सिअसवर दिलेली असते. उलट दिशेने ती मुभा नाही. ‘जी’ प्रत्ययाच्या भरण-धातूंबाबत तर व्यापारी नाव बदलले तरी तो बदलच मानला जातो.

एका सवलतीकडे मात्र आपले लक्ष मी आग्रहपूर्वक वेधू इच्छितो. एच८ वरून एच१६ कडे गेल्यास संहिता नवी कसोटी मागत नाही. तथापि हे आकडे १०० ग्रॅम जमा धातूमागे अनुक्रमे ८ व १६ मिलिलिटरपर्यंतच्या विसरणशील हायड्रोजनचे आहेत, आणि जाड पोलादी पत्र्यावर, जोड निवल्यानंतर काही तासांनी उमटणारी भेग या दुपटीची दखल घेतेच. कसोटी माफ झाली म्हणून पूर्वतापनाची आणि इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये कोरडे राखण्याची खबरदारी माफ होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीखात्याने पर्यायी इलेक्ट्रोड मागवण्यापूर्वी वेल्डिंग-अभियंत्याची लेखी संमती घ्यावी, हा शिरस्ता प्रत्येक कारखान्यात रूढ व्हावा, असा ठराव या परिषदेने करावा आणि त्याचा मसुदा आज दुपारच्या बैठकीतच चर्चेस घ्यावा, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.