दुपारची मैफल, एक शिलिंग



हिवाळा आला की शहरोशहरी कलामहोत्सव भरतात. कष्टकरी मात्र मांडवाबाहेरच राहतो. हे अटळ नाही, याची साक्ष लंडनने दिली आहे. १९३९ साली युद्ध सुरू होताच तेथील संगीतसभागृहे बंद झाली, नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षित स्थळी हलविली गेली. त्या रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी १० ऑक्टोबरपासून मैफली सुरू केल्या : सोमवार ते शुक्रवार, जेवणाच्या सुटीत, प्रवेशमूल्य अवघे एक शिलिंग. १९४० च्या हिवाळ्यात बॉम्ब पडत असताना मैफल तळघरात गेली, पण खंडली नाही. साडेसहा वर्षांत १,६९८ मैफली झाल्या; श्रोत्यांची संख्या आठ लाखांवर गेली.

यातील अर्थशास्त्र सरळ आहे. श्रमिकाला कलेपासून तोडणाऱ्या भिंती दोन : तिकिटाचा दर आणि कार्यक्रमाची वेळ. रात्री उशिरा संपणारा कार्यक्रम शेवटची गाडी गाठणाऱ्याला फुकट असला तरी महागच पडतो. सवलतीने केवळ पहिली भिंत पडते.

महापालिकांची नाट्यगृहे लोकांच्या करांतून उभी राहिली आहेत. ती दुपारच्या सुटीत, चहाच्या दरात खुली व्हावीत, ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे. बॉम्बखाली जे साधले, ते शांततेत अशक्य म्हणणे हा निव्वळ इच्छेचा अभाव होय.