दोन समुद्रांचे अदृश्य रहिवासी



उज्जैनपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही आज मला समुद्राबद्दल बोलायचं आहे, कारण पाण्याच्या वाटेनं पाहिलं तर आपलं शहर दोन समुद्रांशी जोडलेलं आहे. आपली क्षिप्रा नदी उत्तरेला वाहत जाऊन चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागराजला गंगेला. उज्जैनच्या रामघाटावरून गेलेलं पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोचतं. त्यात २०१४पासून नर्मदेचं पाणी उपसून क्षिप्रेत सोडलं जातं. म्हणजे जे पाणी अरबी समुद्राला मिळायचं, त्यातलं थोडं आता आपल्या घाटांवरून पूर्वेच्या समुद्राकडे निघालेलं असतं. या दोन्ही समुद्रांचा कारभार ज्यांच्यावर चालतो, त्या सूक्ष्मजीवांची ओळख मला आज करून द्यायची आहे.

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात आणि त्यांच्या दहापट विषाणू. म्हणजे चहाच्या एका चमच्यात सुमारे पन्नास लाख जिवाणू. २०११च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या उज्जैन जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आतच होती.

इतकी मोठी वस्ती शास्त्रज्ञांच्या नजरेतून फार काळ सुटली. पूर्वी जिवाणू मोजायचे तर प्रयोगशाळेत बशीवर खाद्य पसरून त्यांना वाढवावं लागे, आणि समुद्रातल्या शंभरातला एखादाही जिवाणू त्या बशीवर वाढायला तयार नसतो. पुढे नवी साधनं आली आणि चित्र पालटलं. अमेरिकेतल्या सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये ‘प्रोक्लोरोकॉकस’ या जिवाणूचा शोध जाहीर केला. एका मिलिमीटरच्या लांबीत तो दीड हजारांहून जास्त संख्येनं ओळीत मावेल, इतका लहान. पृथ्वीवर सूर्यप्रकाशातून अन्न तयार करणाऱ्या जीवांमध्ये संख्येनं सर्वांत जास्त तोच आहे, आणि त्याचा पत्ता आपल्याला लागून अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत. १९९०मध्ये स्टीफन जियोव्हानोनी यांच्या गटानं जिवाणू वाढवण्याच्या भानगडीत न पडता थेट पाण्यातली जनुकं वाचली आणि ‘सार-११’ नावाचा एक मोठा जिवाणूगट उजेडात आणला. समुद्राच्या वरच्या थरात याच गटाचे जिवाणू सर्वाधिक आढळतात.

आता त्यांची कामं पाहू. पहिलं काम अन्न पिकवण्याचं. प्रोक्लोरोकॉकस, काचेसारखं सिलिकाचं कवच असलेले डायाटम आणि असे असंख्य तरंगते जीव मिळून पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ अर्धा भाग पार पाडतात. जगातल्या सगळ्या वनस्पतींच्या वजनाशी तुलना केली तर यांचं वजन एक टक्क्याच्या आसपास भरतं. तरीही ते जंगलांच्या बरोबरीनं काम करतात, कारण त्यांची पिढी काही दिवसांतच बदलते. कोळंबीपासून देवमाशापर्यंत बहुतेक सगळ्यांचं अन्न इथून सुरू होतं.

दुसरं काम सफाईचं. जे मरतं, विरघळतं, टाकलं जातं, ते सार-११ सारखे जिवाणू खातात आणि त्यातली खतद्रव्यं पुन्हा पाण्यात मोकळी करतात. आर्किया नावाचे वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव खोल अंधारात अमोनियाचं रूपांतर करून त्यावर जगतात. विषाणूंचीही इथे गरज असते. ते दररोज समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचा साधारण पाचवा हिस्सा फोडतात. त्यामुळे कोणतीही एक जात डोईजड होत नाही, आणि फुटलेल्या पेशींतलं द्रव्य इतरांच्या पोटात जातं. मेलेल्या जीवांचा काही भाग मात्र तळाकडे बुडत जातो. त्यातला कार्बन शेकडो वर्षं हवेपासून दूर राहतो, आणि पृथ्वी जास्त तापण्यापासून वाचते.

या सगळ्यात हिशेब जुळावा लागतो तो प्राणवायूचा. समुद्रातले जीव खूप प्राणवायू तयार करतात हे खरं, पण त्यातला बहुतेक प्राणवायू समुद्रातलेच सफाई करणारे जिवाणू वापरून टाकतात. वरून जितकं अन्न बुडेल, तितका खाली प्राणवायू जास्त खर्च होतो.

अरबी समुद्रात हा खर्च कमाईच्या पलीकडे गेला आहे. मोसमी वाऱ्यांमुळे तिथे खालचं खतद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं, सूक्ष्मजीवांचं पीक जोमानं येतं, आणि ते बुडून कुजू लागतं. उत्तरेला जमीन असल्यानं ताजं पाणी येण्याची वाटही अरुंद. म्हणून साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत मोठ्या भागात प्राणवायू जवळजवळ संपलेला आहे. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेट हे खतद्रव्य वापरतात. त्यातून नायट्रोजन वायू बनून हवेत निघून जातो, म्हणजे समुद्राचं खत उडून जातं. वाटेत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. वजनाला वजन धरलं तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. १९६६मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं या विषयावर जगाला माहिती पुरवली आहे. संस्थेचे वाजिह नक्वी आणि सहकारी यांनी २०००मध्ये दाखवून दिलं, की पावसाळ्याच्या अखेरीस भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही प्राणवायू संपतो आणि तिथे नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात साचतो. जमिनीवरून येणाऱ्या नायट्रेटमुळे ही स्थिती बिघडत असावी, असं त्यांनी मांडलं.

आता आपल्या पाण्याचा मुक्काम, बंगालचा उपसागर. गंगा आणि ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी तिथे वरच्या थरात पसरून राहतं. खालचं पाणी सहजी वर येत नाही, म्हणून पीक बेताचं आणि कुजणंही बेताचं. तिथेही खोल पाण्यात प्राणवायू फार कमी आहे, पण अगदी संपलेला नाही. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात गोव्याचे शास्त्रज्ञही होते, अतिशय संवेदनशील उपकरणांनी हे मोजलं गेलं. नायट्रेटवर श्वास घेणारे जिवाणू तिथे हजर आहेत. प्राणवायूच्या उरलेल्या अंशामुळे त्यांचं काम बव्हंशी थांबून आहे. खतद्रव्यं वाढली, कुजणं वाढलं आणि तो अंशही गेला, तर हा समुद्रही अरबी समुद्राच्या वाटेनं जाऊ शकतो.

श्रोतेहो, माझं आजचं म्हणणं इथे येऊन पोचतं. गंगेच्या खोऱ्यात चाळीस कोटींहून जास्त माणसं राहतात. त्यांच्या शेतांतला वाया गेलेला युरिया आणि गावांचं मैलापाणी त्याच उपसागराच्या वाटेला लागतं. आपल्याकडे माळव्यातल्या गव्हाच्या शेतांवरून वाहून येणारं पाणी आणि इंदूरहून त्रिवेणीपाशी क्षिप्रेत उतरणारी कान्ह नदी याच प्रवाहात आहेत. एकट्या क्षिप्रेचा वाटा लहान आहे, आणि त्यातला काही भाग वाटेतले नदीचे जिवाणूही पचवतात. पण प्रत्येक उपनदीनं आपला वाटा लहान म्हणून सोडून दिला, तर समुद्राला मिळणारा वाटा मोठाच राहणार.

यावरचा उपायही सूक्ष्मजीवच देतात. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात घाण खाण्याचं काम जिवाणू करतात, आणि त्यासाठी त्यांना हवा पुरवली जाते. तिथेच हवा न देता एक वेगळी टाकी ठेवली, तर अरबी समुद्राच्या खोलीत चालतं तेच काम जिवाणू त्या टाकीत करतात. नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून ते त्याला निरुपद्रवी रूपात हवेत सोडतात. समुद्रात जे खताचं नुकसान ठरतं, ते केंद्रात पाण्याचं शुद्धीकरण ठरतं. २०२८च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी क्षिप्रेच्या शुद्धीची चर्चा चालू असताना, आपल्या केंद्रांत नायट्रोजन काढण्याची ही सोय आहे का आणि ती वर्षभर चालते का, हे आपण नगरपालिकेला आणि महापालिकेला विचारायला हवं. शेतकरी बांधवांनी युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्यांत दिला, तर पैसाही वाचतो आणि नदीही.

घाटावर पाणी स्वच्छ दिसलं, की आपलं समाधान होतं. पण विरघळलेलं नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यावर जगणारे जिवाणूही दिसत नाहीत. म्हणून नदीची परीक्षा तपासणीच्या आकड्यांवर करायची सवय आपण लावून घेऊ या. क्षिप्रा शुद्ध ठेवणं हे बंगालच्या उपसागराच्या रक्षणाचंही काम आहे, आणि ते उज्जैनमध्ये बसून करता येतं.