पाठीवरचा हात
(मसाट येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



मसाटमध्ये महाविद्यालय सोडणाऱ्या मुलाला फार लांब जावे लागत नाही. घराजवळच कारखान्याचे फाटक असते. तेथे पाळी ठरलेली, पगाराची तारीख ठरलेली. महाविद्यालयात मात्र तीन वर्षे खर्चच डोळ्यांपुढे असतो. घरात वारली, कोकणा किंवा धोडिया बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी वा गुजराती माध्यमातून शिकलेल्या मुलापुढे एकाएकी इंग्रजी पुस्तके येतात. एखाद्या विषयात तो अनुत्तीर्ण होतो आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे मनाशी ठरवून मोकळा होतो. या निर्णयाला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. पैसा, भाषा आणि संकोच अशी तीन ओझी त्याच्या खांद्यावर असतात. उपदेशाने त्यांपैकी एकही हलके होत नाही.

मग कशाने होते? मुंबईच्या चर्नी रोड येथील बागेत जाऊन वाचत बसणारा एक शाळकरी मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-ग्रंथकारांच्या नजरेस पडला. त्यांनी विचारपूस केली, ओळख वाढली. पुढे परीक्षेतील यशाबद्दल त्याचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. केवळ गुणपत्रिका पाहणाऱ्याने त्यांच्याविषयी फारशी आशा बाळगली नसती. पण केळुसकरांनी बागेतले वाचन पाहिले होते.

वडील रामजी हे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. परळच्या चाळीतील एका खोलीत गर्दीमुळे अभ्यास होत नसे. म्हणून मुलाला लवकर झोपवून ते पहाटे दोन वाजता उठवीत. पुस्तकांसाठी विवाहित लेकींकडून दागिने मागून आणीत, ते गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन आले की सोडवीत. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील इंटरमिजिएटची परीक्षा झाली आणि ही शक्तीही संपली. शिक्षण तेथेच थांबावयाचे, अशी वेळ आली.

त्या वेळी केळुसकर भीमरावांना घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे दिले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बुद्धी त्यांचीच होती, कष्टही त्यांचेच होते. परंतु ऐन वेळी कोणीतरी त्यांना घेऊन एका दारापर्यंत चालत गेले. ‘धीर धर’ म्हणणे सोपे असते. केळुसकरांनी ‘चल’ म्हटले.

या ऋणाची फेड पुढे समाजाला मिळाली. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले.

येथे एखादे वडील विचारतील, ‘मुलाच्या पगारावाचून घर कसे चालावे?’ हा प्रश्न खरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ या योजनेने त्याला उत्तर दिले. कष्ट आणि शिक्षण यांत निवड करण्याची सक्ती गरीब मुलावर असू नये, हा त्यामागचा विचार.

मसाटच्या मुलासाठी आज काही वाटा खुल्या आहेत. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते यांत अर्ज अडकून पडतो. तो अर्ज भरताना शेजारी बसणारा माणूस हाच आजचा केळुसकर. ज्याला कामावर जाणे भागच आहे, त्याला १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिले वर्ष पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसरे पूर्ण करणाऱ्यास पदविका आणि पुढे परत येण्याची सोय सांगितली आहे. थांबायचेच झाले, तर वर्ष पुरे करून थांबावे. मधल्या पायरीवर नव्हे.

आणि ग्रंथालयाने काय करावे? परळच्या त्या खोलीत पहाटे दोन वाजता जे मिळे, ते येथे सायंकाळी सात वाजता मिळावे. दिवा, टेबल आणि शांतता. अभ्यासक्रमाची पुस्तके मुलाला विकत घ्यावी लागू नयेत. एखादा नेमाने येणारा मुलगा आठ दिवस दिसला नाही, तर ग्रंथपालाने त्याची चौकशी करावी. शंभर वर्षांच्या संस्थेस एवढा अधिकार नक्कीच आहे.

विद्यार्थी मित्रहो, निकालाच्या दिवशी रात्री एकट्याने कोणताही निर्णय घेऊ नका. नाव काढून घेण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एका वडीलधाऱ्या माणसाला अडचण मोकळेपणाने सांगा. मदत मागण्यात कमीपणा नाही. भीमरावांनाही ती घ्यावी लागली होती. आणि वडीलधाऱ्यांनो, एखादा मुलगा अशी अडचण घेऊन आला, तर त्याला दोन शब्द सांगून वाटेला लावू नका. पायांत चपला घाला आणि त्याच्याबरोबर निघा.