खडकीकरांच्या वतीने स्वागत

परिषदेचे अध्यक्ष महोदय, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या प्राचार्य बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त खडकीकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. भाषण दहा मिनिटांत आटपा, असे कार्यवाहांनी मला बजावले आहे. पण गाव आमचे, मांडव आमचा. दोन मिनिटे इकडेतिकडे व्हायचीच.

बाहेरच्यांना खडकी म्हणजे लोकलचे एक स्टेशन. पण ५ नोव्हेंबर १८१७ ची पेशवे-इंग्रजांची लढाई इथे झाली. बापू गोखले सर्वांना ठाऊक असतात. जरीपटका घेऊन पुढे सरसावलेले आणि इथेच पडलेले मोर दीक्षित कुणाला आठवत नाहीत. पुढे छावणी वसली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला आणि त्याच्या आसऱ्याने मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू अशी सगळी माणसे इथे एका आळीत नांदू लागली. त्याच वस्तीत धनराज पिल्ले जन्मला. मोडक्या हॉकी स्टिकला दोरी गुंडाळून खेळणारे हे पोर चार ऑलिंपिक खेळले. हे सांगताना आमची छाती फुगते, ती फुगू द्या.

याचा प्राचार्यांशी संबंध काय, असा प्रश्न पुढच्या रांगेत दिसतोच आहे. संबंध थोडा ओढूनताणून आहे, पण आहे. गणेशखिंडीच्या अलीकडे कृषी महाविद्यालय आहे. १९०७ मध्ये तिथे डॉ. हॅरॉल्ड मॅन प्राचार्य म्हणून आले. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आधी आसामात चहावर संशोधन केलेले. ते काही खडकीचे नव्हेत. पण त्यांनी अभ्यासाला निवडलेले पिंपळे सौदागर आमच्या शेजारचे, नदीपलीकडचे, म्हणून अर्धा हक्क आमचा!

आज तिथे उंच इमारती आहेत. मॅनसाहेबांनी सहकाऱ्यांना घेऊन तिथले शेतन्‌शेत आणि घरन्‌घर तपासले. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली निघाली. त्यांतले ४६३ तुकडे एकराहूनही लहान. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांचे असलेले खाते वाटण्या होत होत १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. १०३ कुटुंबांपैकी ६७ कुटुंबांना शेती आणि बाहेरची मजुरी मिळूनही हातातोंडाची गाठ पडत नव्हती. १९१७ मध्ये हे पुस्तकरूपाने आले. पुढे १९२१ मध्ये ना. वि. कानिटकरांच्या जोडीने त्यांनी जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातल्या अस्पृश्य वस्त्यांचीही त्यांनी पाहणी केली होती. नंतर ते मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक झाले आणि १९६१ मध्ये वारले. प्राचार्याची खुर्ची सांभाळून बांधावर उभा राहणारा हा माणूस माझ्या मते आपल्या परिषदेचा खरा पूर्वज. आज आपले प्राचार्य मूल्यांकनाच्या फायलींत बुडालेले असतात. त्यांना दोष देत नाही, फायली तितक्या असतात.

आता व्यवस्थेविषयी. निवासाच्या खोल्या अपुऱ्या पडल्या, काहींना शाळेच्या वर्गात गाद्यांवर झोपावे लागेल. रात्री गाड्यांचा आवाज येतो, डास आहेत, सकाळी गरम पाणी सातनंतर संपेल. काल रात्री ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला, म्हणून शेजारच्या मंडळाचा मागून आणला आहे. या सर्वांबद्दल हात जोडून क्षमा मागतो. बाजारातल्या किराणा व्यापाऱ्यांनी तांदूळ-डाळ दिली, मंडपवाल्यांनी भाड्याचा तगादा लावला नाही, निवृत्त कामगारांनी पेन्शनीतून देणग्या दिल्या, बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून पोळ्या लाटताहेत. नावे वाचत बसलो तर उद्घाटन उद्यावर जाईल आणि एखादे राहिले तर मला बाजारातून फिरणे अवघड होईल. म्हणून सर्वांचे एकत्र ऋण मान्य करतो.

अध्यक्ष महोदय, एकच मागणे आहे. पिंपळे सौदागरची पाहणी आपल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा करून घ्यावी, असा ठराव या परिषदेने उद्याच्या खुल्या अधिवेशनात करावा. पोरांच्या जेवणाखाणाचा खर्च खडकीकर उचलतील.